ॲव्हरेज आणि दानत

आमच्या घरी एक दोनशे पानी वही आहे. वडिलांनी १९९४ मध्ये चेतक स्कूटर घेतली तेव्हा ती सुरू केली. पेट्रोल भरलं की घरी येऊन एक ओळ लिहायची: तारीख, लिटर, रुपये, मीटरवरचे किलोमीटर आणि शेवटच्या रकान्यात हातानं भागाकार करून काढलेलं ॲव्हरेज. स्कूटर गेली, मग एक जुनी पेट्रोल सेडान आली, तीही विकली. वही तीच आहे.

२०२३ च्या दिवाळीआधी आम्ही हायब्रिड गाडी घेतली. निम्मे पैसे वडिलांचे, निम्मे माझे. बुकिंगच्या दिवशी शोरूममधल्या मुलानं टॅबवर फॉर्म भरून घेतला आणि म्हणाला, "सर, शेवटचा प्रश्न. गाडी घेण्याचं मुख्य कारण?"

वडील म्हणाले, "ॲव्हरेज."

त्याच क्षणी मी म्हणालो, "पर्यावरण."

त्यानं आळीपाळीनं आमच्याकडे पाहिलं. "एकच टिक करता येतंय, सर. गाडी कुणाच्या नावावर आहे?" गाडी वडिलांच्या नावावर होती. त्यानं त्यांच्या उत्तरावर टिक केली. आम्ही तिघंही हसलो आणि पेढे खाल्ले.

मला मात्र आतून वाटलं होतं, की टिक चुकीच्या ठिकाणी पडली. एकाच गाडीसाठी, एकाच चेकबुकातून आलेल्या दोन कारणांपैकी माझं कारण वरच्या दर्जाचं आहे, अशी माझी खात्री होती. ती खात्री पुढे त्याच वहीनं मोडली. ते कसं झालं ते सांगायचं आहे, कारण त्यातला प्रश्न फक्त आमच्या घरापुरता नाही. आपण एखादी बरी गोष्ट करतो तेव्हा ती कोणत्या कारणासाठी केली, यानं काही फरक पडतो का?

आधी हायब्रिडपर्यंत आम्ही कसे पोचलो ते सांगतो. मला इलेक्ट्रिक गाडी हवी होती, वडिलांना साधी पेट्रोल. त्यांचे आक्षेप तीन होते. उन्हाळ्यात ऐन दुपारी वीज जाते. पुण्याच्या वाटेवर चार्जर कुठे आहेत आणि त्यातले चालू किती, हे निघण्याआधी शोधत बसावं लागतं. आणि बॅटरीची आठ वर्षांची वॉरंटी संपली की पुढे काय? सत्तरीत पुन्हा गाडी घ्यायची त्यांची तयारी नव्हती. मी म्हणायचो, "बाबा, तुम्ही काळाच्या मागं राहताय." ते म्हणायचे, "मागं राहिलेल्याला ढकलायला पुढचे असतात रे. पुढे जाऊन बंद पडलेल्याला कोण?"

शेवटी मी हिशेब मांडला, आणि तो माझ्याच अंगावर आला. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. लिटरला २२ किलोमीटर देणारी हायब्रिड म्हणजे किलोमीटरमागे शंभरेक ग्रॅम. इलेक्ट्रिक गाडी एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाते. पण भारतातल्या विजेचा मोठा हिस्सा अजून कोळशाचा आहे, त्यामुळे सरासरी काढली तर एका युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास उत्सर्जन होतं. म्हणजे इथेही किलोमीटरमागे शंभर-सव्वाशे ग्रॅम. ही वीज लांबून येते असंही नाही. आमच्या शेजारीच, दक्षिण सोलापूर तालुक्यात आहेरवाडी-फताटेवाडीला, एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा प्रकल्प कोळशावर चालतो. पेट्रोल शुद्ध करून पंपापर्यंत आणण्याचा खर्च यात धरलेला नाही, आणि वीज वर्षागणिक स्वच्छ होत जाईल तसं इलेक्ट्रिकचं पारडं जड होत जाईल, हेही खरं. पण २०२३ च्या सोलापुरात दोन्ही गाड्यांतला फरक मी समजत होतो तेवढा नव्हता. हायब्रिडवर आमचा समेट झाला.

मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे त्यातलं यंत्र मला आवडलं. पेट्रोलचं इंजिन सगळ्यात जास्त नासाडी कुठे करतं? सिग्नलला उभं असताना, आणि रखडत, थांबत, पुन्हा निघताना. हायब्रिड तिथे इंजिन बंद करते आणि मोटरवर चालते. ब्रेक दाबल्यावर जी ऊर्जा एरवी नुसती चाकं तापवण्यात जाते, त्यातली काही बॅटरीत परत भरून घेते. बॅटरी लहान असते, तिला प्लग लावावा लागत नाही. म्हणून सात रस्त्याच्या गर्दीत ही गाडी चमत्कार वाटते आणि हायवेला जवळपास साध्या गाडीसारखी होते. तिथे ब्रेक फारसा लागतच नाही, मग परत मिळवायचं काय? हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

गाडी आल्यावर मला छंद लागला. ओळखीत कुणी हायब्रिड घेतली की विचारायचं, का घेतली? अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाचा कारखाना असलेले एक काका म्हणाले, "रोजचं जाणं-येणं. पेट्रोल वाचतंय, बास." एका डॉक्टरांना ती सकाळी आवाज न करता निघते याचं कौतुक होतं. शाळेतला मित्र जास्त प्रामाणिक निघाला. "काय बे, खरं सांगू? इलेक्ट्रिकची भीती गेली नाही, आणि जुनाट पण दिसायचं नव्हतं." एकानं रिसेल सांगितली. एकानं सनरूफ सांगितलं, म्हणजे हायब्रिड त्याच्यासाठी सनरूफबरोबर फुकट आली होती. कर वाचतो म्हणून घेतली, असं कुणीच म्हणालं नाही, आणि ते बरोबरच होतं. तेव्हा इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के होता आणि आमच्यासारख्या हायब्रिडवर सेस धरून ४३ टक्के. सप्टेंबर २०२५ पासून तो ४० झाला. म्हणजे सरकारच्या दृष्टीनं आम्ही काही फार पुण्याचं काम केलेलं नाही.

पण पर्यावरण हे कारणही कुणी सांगितलं नाही. सांगणारा मी एकटाच.

अमेरिकेत हे उलट घडलं होतं. टोयोटानं प्रियस १९९७ च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये आणली आणि काही वर्षांत ती अमेरिकेत गाजली. होंडाची सिव्हिक हायब्रिडही तिकडे मिळायची, पण ती साध्या सिव्हिकसारखीच दिसायची. प्रियसचा आकार मात्र लांबूनच ओळखू यायचा. २००७ मध्ये तिकडच्या एका सर्वेक्षणात प्रियस घेणाऱ्यांपैकी ५७ टक्के लोकांनी जे मुख्य कारण दिलं त्याचा सरळ अर्थ असा होता, की ही गाडी मी कोण आहे ते लोकांना सांगते. मायलेज आणि कमी धूर ही कारणं त्याच्या मागं होती. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी यावर अभ्यासही केले. हिरवेपणाला मान असलेल्या गावांत माणूस तो हिरवेपणा दिसावा म्हणून जास्त पैसे मोजायला तयार होतो, असं त्यांना आढळलं. दागिना अंगावर असला तरच मिरवता येतो, तशातलाच प्रकार.

सोलापुरात हायब्रिड मिरवता येत नाही. मागच्या दारावरची ती छोटी पट्टी कोण वाचतंय? इथे मान गाडीच्या आकाराला आहे. म्हणून मला सुरुवातीला वाटलं, की आपल्याकडचे लोक निदान ढोंगी नाहीत, पैशासाठी घेतात आणि पैशासाठी घेतली असं सांगतात. नंतर शंका आली. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. शाळेच्या आवारातली चाळीस कडुलिंबाची झाडं त्यांनी मे महिन्यात बादलीनं पाणी घालून जगवली आहेत. त्या माणसाच्या मनात धुराचा विचार आलाच नसेल? पण इथे अठरा लाख खर्च केल्यावर पाहुण्यांना सांगता येईल असं एकच सभ्य कारण आहे: "ॲव्हरेज चांगलं देते." "पृथ्वीसाठी घेतली" असं म्हणणं म्हणजे स्वतःची आरती स्वतः ओवाळणं. आणि पुण्यातल्या माझ्या टीममध्ये "पैसे वाचतात म्हणून घेतली" असं सांगणं जरा खालचं मानलं जातं. म्हणजे आम्ही दोघांनी आपापल्या गावात चालणारं नाणं पुढे केलं होतं.

मराठीत यासाठी चार वेगळे शब्द आहेत. हेतू, कारण, निमित्त आणि सबब. हेतू मनात असतो. कारण म्हणजे ज्यानं ती गोष्ट खरोखर घडली ते. निमित्त नुसतं दार उघडून देतं. आणि सबब आपण नंतर, विचारणाऱ्याला देतो. शोरूमच्या टॅबवर या चौघांना मिळून एकच चौकोन होता. आपण आपल्या मनालाही बहुतेक वेळा तेवढाच एक चौकोन देतो.

या गोंधळातून सुटायचा सोपा रस्ता आहे, आणि तो मान्यवर आहे. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञानं एकोणिसाव्या शतकात एक उदाहरण दिलं. बुडणाऱ्याला वाचवणारा माणूस योग्यच करतो, मग तो कर्तव्य म्हणून उडी मारो की बक्षिसाच्या आशेनं. हेतूवरून माणसाची किंमत ठरवा हवी तर, पण कृतीची ठरवू नका. बुडणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर हे पटतं. हवेच्या बाजूनं पाहिलं तर त्याहून पटतं. धूर कमी निघाला, झालं. तो ॲव्हरेजसाठी कमी निघाला की पर्यावरणासाठी, हे हवेला कळत नाही. मी बरेच दिवस या मुक्कामावर खूश होतो.

दुसरी बाजू कांटची. १७८५ मध्ये आलेल्या त्याच्या नीतिशास्त्रावरच्या पुस्तकात एक दुकानदार आहे. तो अजाण गिऱ्हाइकालाही जास्त भाव लावत नाही, लहान मूलही त्याच्याकडून मोठ्या माणसाच्या भावानं माल घेऊन जातं. उत्तमच. पण तो असं का वागतो? नाव टिकलं तर धंदा टिकतो म्हणून. कांट म्हणतो, हे वागणं कर्तव्याला धरून आहे, पण कर्तव्यापोटी झालेलं नाही. कॉलेजात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा माणूस फार सोवळा वाटला होता. मुलाला साखर बरोबर मिळाली ना? मग दुकानदाराच्या पोटात शिरायचं कशाला?

याचं उत्तर मला वहीत मिळालं.

या मार्चमध्ये, सुट्टीच्या दिवशी, मी वहीतल्या शेवटच्या काही वर्षांच्या ओळी स्प्रेडशीटमध्ये भरल्या. नव्या गाडीनं किती वाचवलं त्याचा आलेख काढून वडिलांच्या वाढदिवसाला द्यायचा, असा बेत होता. जुनी सेडान महिन्याला सरासरी ४०० किलोमीटर चालायची आणि लिटरला १४ द्यायची. म्हणजे महिन्याला २८-२९ लिटर पेट्रोल. नवी गाडी सरासरी २२ देते. मग महिन्याचं पेट्रोल किती यायला हवं? अठरा लिटर. आलेख काढला तर रेषा वर गेलेली. महिन्याला चाळीस लिटर.

पहिल्यांदा वाटलं, कुठेतरी फॉर्म्युला चुकला. मग तारखा पाहिल्या. गाडी आता महिन्याला ९०० किलोमीटर चालत होती. त्यातले ४०० वडिलांचे, जुन्या गाडीला होते तेवढेच: भाजी, बँक, आईचा दवाखाना, कधीतरी अक्कलकोट, कधी तुळजापूर. शहरात ते २४ च्या आसपास ॲव्हरेज काढतात. उरलेले ५०० किलोमीटर माझे होते. मी सोलापुरातून काम करतो आणि महिन्यातून एकदा पुण्याच्या ऑफिसला जाऊन येतो. जुनी गाडी होती तेव्हा मी हुतात्मा एक्स्प्रेसनं जायचो. सकाळी साडेसहाच्या सुमाराला निघायचं, संध्याकाळी पुण्याहून सहाला बसलं की रात्री घरी. नवी गाडी आल्यावर मी ती घेऊन जायला लागलो. शंभरच्या वेगानं, एकटा, हायवेला, जिथे हायब्रिडची हायब्रिडगिरी सगळ्यात कमी चालते.

हिशेब दोन ओळींचा होता. गाडी बदलल्यामुळे वडिलांनी महिन्याला बारा लिटर वाचवले. मी चोवीस जाळले.

अर्थशास्त्रात याला जुनं नाव आहे. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यानं १८६५ मध्ये इंग्लंडच्या कोळशावर पुस्तक लिहिलं. वॉटचं वाफेचं इंजिन आधीच्या इंजिनांपेक्षा कमी कोळशात तेवढंच काम करायचं, म्हणजे कोळसा वाचायला हवा होता. पण वाफ स्वस्त पडल्यामुळे ती जिथे कधी परवडत नव्हती तिथेही वापरात आली आणि देशाचा कोळशाचा खप वाढत गेला. आपल्याकडे अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. जेव्हन्सला दिसलं ते एवढंच, की अंथरूण लांब केलं की पाय आपोआप लांब होतात.

पण माझ्या बाबतीत त्यात आणखी एक गोष्ट होती, आणि तिनं मला जास्त त्रास दिला. पुण्याच्या फेरीचं पेट्रोल जुन्या गाडीला पावणेचार हजारांचं लागलं असतं, नवीला अडीच हजारांचं लागतं. टोल वेगळा. रेल्वेपुढे हे तरीही महागच आहे. म्हणजे मी निव्वळ स्वस्ताईमुळे गेलो नव्हतो. जुनी गाडी पुण्याला न्यायची म्हटलं की मला कसंतरी व्हायचं. एकट्यासाठी अख्खी गाडी? विजेवर धावणारी रेल्वे असताना? नव्या गाडीच्या वेळी हा आवाज आला नाही, कारण त्याला उत्तर तयार होतं: आपली गाडी हायब्रिड आहे ना. ॲव्हरेजनं किलोमीटरचा दर कमी केला होता, पण त्याची टोचणी पर्यावरणानं कमी केली होती. ज्या कारणाचा मला अभिमान होता, त्याच कारणानं मला गाडीची किल्ली हातात दिली.

आता कांटचा दुकानदार मला वेगळा दिसायला लागला. फायदा आणि कर्तव्य एकाच रस्त्यानं चालत असतील तोवर फायद्याचा दुकानदार आणि सचोटीचा दुकानदार यांच्यात फरक करता येत नाही. दोघांचाही काटा बरोबर असतो. ज्या दिवशी रस्त्याला फाटा फुटतो, गिऱ्हाईक पुन्हा कधी येणार नसतं आणि पाहणारं कुणी नसतं, त्या दिवशी कळतं कोण कुठे निघाला होता. मिलचा बुडणारा माणूस एकदाच बुडतो, उडीही एकच असते, म्हणून तिथे हेतू सोडून देता येतो. गाडी खरेदी ही तशी एक उडी नाही. ती पंधरा वर्षं रोज सकाळी पुन्हा करायची गोष्ट आहे. शोरूममध्ये आमची दोन्ही कारणं आम्हाला एकाच गाडीपाशी घेऊन आली. फाटा नंतर फुटला, खुंटीवरच्या किल्लीपाशी. आणि तिथे ॲव्हरेजवाला सायकल काढून भाजीला गेला, पर्यावरणवाला गाडी काढून पुण्याला गेला.

आलेख मी वडिलांना दाखवला. मला वाटलं होतं ते एखादं टोचून बोलतील. त्यांनी चष्मा लावून आकडे तपासले, एका ठिकाणची माझी बेरीज दुरुस्त केली आणि मग म्हणाले, "टाकी मोठी बांधली म्हणून दोनदा आंघोळ करायची नसते रे."

हे वाक्य सोलापूरकराला समजावून सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. उजनी धरण आमच्याच जिल्ह्यात आहे, पण शहरात नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांआड येतं, आणि किती दिवसांआड हाच इथला कायमचा विषय असतो. म्हणून घराघरात जमिनीखाली टाकी असते. आमची टाकी वडिलांनी मी आठवीत असताना मोठी करून घेतली. त्यानंतरही भाजी धुतलेलं पाणी झाडांना जात राहिलं. टाकी मोठी करण्याचं कारण त्यांच्या डोक्यात स्पष्ट होतं, पाणी पुरावं. जास्त वापरता यावं, हे ते कारण नव्हतं. ॲव्हरेज म्हणतानाही त्यांना तेच म्हणायचं होतं. ॲव्हरेज म्हणजे कमी लागणं. मी त्याचा अर्थ जास्त जाणं असा केला होता, आणि वर त्याला मोठं नाव दिलं होतं. याला आपल्या भाषेत दानत म्हणतात. ती कारण विचारल्यावर तोंडातून येत नाही, पुरेसं असताना हात कुठे थांबतो त्यावरून दिसते.

इथे थांबलो असतो तर हा साध्या वडिलांचा आणि शिकलेल्या मुलाचा गोड निबंध झाला असता. पण आई तिथेच बसली होती.

ती म्हणाली, "अहो, टाकीचं सांगताय खरं. आणि एसीचं काय?"

मागच्या मेमध्ये, पारा बेचाळिसच्या वर असताना, वडील तिला भर दुपारी पंढरपूरहून एसी बंद करून घेऊन आले होते. एसी लावला की ॲव्हरेज पडतं. आई मागं ओढणी ओली करून डोक्यावर घेऊन बसली होती. घरी आल्यावर तिला उलट्या झाल्या. त्या दिवशी वहीत २६.१ अशी नोंद आहे. आजवरचा उच्चांक, खाली दुहेरी रेघ मारलेली.

"तुमच्या वहीत माझ्या घामाचा रकाना नाही," आई म्हणाली.

वडील काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही, कारण तो आकडा आला तेव्हा मी त्यांना टाळी दिली होती.

म्हणजे काटकसर हीदेखील आपोआप सद्गुण होत नाही. तिलाही विचारावं लागतं, कुणाच्या जिवावर? आणि जास्तीचा प्रत्येक किलोमीटर पापाचा असतो असंही नाही. आईचे गुडघे गेल्यापासून तिला एसटीची पायरी चढवत नाही. या गाडीमुळे ती दोन वर्षांत तीनदा तिच्या बहिणीकडे बार्शीला जाऊन आली. ते किलोमीटर जेव्हन्सच्या खात्यात टाकायला माझा हात धजत नाही. माझ्या पुण्याच्या फेऱ्यांपैकीही एक वेगळी होती. मित्राच्या वडिलांना अचानक पुण्याच्या दवाखान्यात हलवलं तेव्हा रात्री एकला निघालो होतो. पेट्रोल तेवढंच जळलं. वहीला ती आणि बाकीच्या फेऱ्या सारख्याच दिसतात.

म्हणून कारणानं फरक पडतो का, या प्रश्नाला आता माझं उत्तर आहे, की पडतो, पण मी समजत होतो तिथे पडत नाही. खरेदीच्या दिवशी कोणतं कारण सांगितलं याला जवळजवळ काही किंमत नाही. तिथे मिल बरोबर आहे. ॲव्हरेजसाठी घ्या, रिसेलसाठी घ्या, शेजाऱ्याला दाखवायला घ्या. पण त्यानंतर ते कारण रोज कामाला यावं लागतं. ते गाडी बाहेर काढायला सांगतं तसंच कधीतरी आत ठेवायलाही सांगत असेल, तरच ते कारण. नुसतं बाहेर काढायलाच सांगत असेल तर ती सबब. माझं पर्यावरण दोन वर्षांत एकदाही मला "नको" म्हणालं नव्हतं. वडिलांचं ॲव्हरेज शेकडो वेळा म्हणालं होतं, आणि एका दुपारी नको तिथेही म्हणालं.

मी एक सुचवलं. वहीत एक रकाना वाढवायचा, "का?" वडिलांनी आधी नाक मुरडलं. तीस वर्षांची वही, रेघा आखलेल्या. मग स्वतःच पट्टी घेऊन आले आणि उजवीकडच्या समासात बारीक रेघ मारून दिली. त्यांच्या अटी दोन. नोंद त्याच दिवशी करायची, आणि शब्द चारच्या वर नकोत, जागा नाही.

एप्रिलपासून तो रकाना सुरू आहे. वडिलांच्या नोंदी अशा आहेत: "दवाखाना, आई." "बाजार, पाऊस होता." "बार्शी. एसी चालू." ही शेवटची त्यांनी जरा ठळक लिहिली आहे.

माझी पहिली नोंद लिहायला मला वेळ लागला. आधी "ऑफिस, महत्त्वाची मीटिंग" असं मनात आलं. मीटिंग होती हे खरं होतं, पण ती साडेअकराची होती आणि हुतात्मा साडेदहाच्या सुमाराला पुण्यात पोचते. तिकीटही काढलेलं होतं. मग जे होतं ते लिहिलं.

"पुणे. पहाटे उठवलं नाही."

वडिलांनी ते वाचलं, पेन घेतलं आणि शेजारच्या रकान्यात ॲव्हरेज भरलं, २०.८.